निळीचा ब्लॉक

मनातल्या मनात एक ट्रक उभा करा. लहान नको, चांगला दहा चाकांचा. रंग निळा, पण दारांच्या कडांना हात लागून लागून पांढुरका पडलेला. पाठीवर सिमेंटचे पाइप, एवढे मोठे की तुमच्यातलं कुणीही त्यात न वाकता उभं राहील. झाला उभा? आता त्याच्या पुढ्यात एक डोंगर ठेवा. डोंगराला अकरा वळणं, रस्ता अरुंद, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आता स्टिअरिंगमागे एक बाई बसवा. तिच्या शेजारी अकरा वर्षांची तिची मुलगी. मुलीच्या खिशात मोजायची टेप आहे, हे विसरू नका.

बाईला सगळे ताई म्हणत. ट्रकला निळी म्हणत. आणि मुलीला इंची, कारण ती दिसेल ते मोजत सुटायची. दाराची रुंदी, मामाच्या मिशीची लांबी, शेजारच्या मांजराचं शेपूट. एकदा तिने वर्गातल्या बाईंना सांगितलं होतं की फळा भिंतीवर दोन सेंटिमीटर तिरका लावलाय. बाईंनी मोजला. तो निघाला अडीच.

डोंगरावरच्या पठारावर पाण्याची मोठी लाइन टाकायचं काम चाललं होतं. पाइप खालच्या अड्ड्यावरून भरायचे आणि वर नेऊन उतरवायचे. अड्ड्यावर ट्रकच्या दोन रांगा असत. वरची रांग डोंगरावर जाणाऱ्यांची, तिला रोज खेप. खालची रांग सपाटीवर वाळू-विटा वाहणाऱ्यांची, तिला आठवड्यातून जेमतेम दोन खेपा. निळीसारख्या मोठ्या गाडीचं दोन खेपांत पोट भरत नाही. आणि ताई तर रस्ता उघडला त्या दिवसापासून वरच्या रांगेत होती.

मंगळवारी सातव्या वळणावर निळी उकळली.

समोरचा काटा हळूहळू चढत लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफ आली आणि ताईला गाडी थांबवावी लागली. रस्ता अरुंद, त्यामुळे मागे चार ट्रक अडकले. मागून हॉर्न वाजत होते. ताई चाकांखाली दगड लावत होती. आणि इंची? ती खाली वाकून इंजिनाकडे बघत होती, आणि तिने रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपला हात लावला.

मुलांनो, तुम्ही हे कधीही करू नका. उकळत्या गाडीजवळ जायचं नाही आणि तिचं झाकण तर उघडायचंच नाही. इंचीलाही आईने तिथल्या तिथे धपाटा घातला. पण हात लागायचा तो लागला होता, आणि इंचीला एक गोष्ट कळली होती. वर इंजिन खदखदत होतं, आणि खालचा पाइप मात्र कोमट होता. आंघोळीच्या पाण्याइतकासुद्धा गरम नव्हता.

"आई, हा पाइप—"

"आधी बाजूला हो!"

अड्ड्यावर परत आल्यावर मुकादम वाटच बघत होता. कुणाची गाडी कुठल्या रांगेत लागणार हे तो ठरवायचा.

"ताई, निळीला आता सपाटीवर फिरवा," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कुणी जिने चढायला लावतं का?"

"माझ्या गाडीचं वय काढू नका, मुकादम. तुमचं मी कधी काढलं का?"

रांगेतले ड्रायव्हर हसले. मुकादमही हसला, पण लगेच गंभीर झाला. "हे बघा, चढावर गाडी थांबली की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. या महिन्यात तीन जणांनी बिल्ट ब्लॉक टाकला. तुम्हीही टाका. टाकायला निघालात तर तुमची जागा मी राखून ठेवतो, तीन आठवडे लागले तरी चालेल."

"आणि नाही टाकला तर?"

"तर रविवारी भरल्या गाडीने एका दमात वर जाऊन दाखवा. मी स्वतः शेजारी बसेन. थांबलात तर हंगामभर खालची रांग. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"वाद मी घालते होय? बरं. रविवारपर्यंत सांगते."

आता ब्लॉक म्हणजे काय, ते आधी बघू. तुमच्या कपड्यांच्या पेटीएवढा एक लोखंडाचा ओतीव ठोकळा घ्या. त्यात ओळीने सहा विहिरी पाडा. प्रत्येक विहिरीत एक पिस्टन वर-खाली धावतो आणि त्या धावण्यावर चाकं फिरतात. विहिरींच्या भोवती, लोखंडाच्या पोटातच, पोकळ वाटा असतात. त्यांतून पाणी खेळतं आणि आतली उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं. तिथे वाऱ्यावर गार होतं आणि खालच्या पाइपातून परत येतं. हा ठोकळा म्हणजे ब्लॉक. बाकीचं सगळं इंजिन त्याच्या आधाराने उभं असतं.

आणि बिल्ट ब्लॉक म्हणजे असाच ठोकळा, पण मुद्दाम आतून मजबूत केलेला. विहिरी नव्याने कापून त्यांत जाड लायनर, म्हणजे लोखंडी नळ्या, ठोकलेल्या, पिस्टन ठोकून घडवलेले, तळाला जाडजूड पट्ट्या. शहराच्या टोकाला एक मशीन शॉप होतं, तिथे असा एक ब्लॉक तयार होता. अट एकच होती. जुना ब्लॉक त्यांना द्यायचा, ते तो भट्टीत घालणार. म्हणजे एकदा दिला की दिला. आणि शनिवारी चारपर्यंत कळवलं नाही तर नवा ब्लॉक दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार.

इंचीच्या मामाचं गॅरेज होतं. मामा ताईचा थोरला भाऊ. बुधवारपासून निळी त्याच्याकडे होती. त्याने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं आणि सहाही विहिरी मोजायला घेतल्या. मोजायचं म्हटल्यावर इंची हजर. मामाने तिच्या हातात गेज दिला. लांब दांडा, वर घड्याळासारखी तबकडी. इंचीने तो प्रत्येक विहिरीत वरून खाली सरकवला, मग आडवा फिरवून पुन्हा सरकवला, आणि सगळे आकडे वहीत लिहिले.

शनिवारी दुपारी ताई आली. आल्या आल्या तिने स्टूल ओढलं.

"दादा, सरळ सांग. टाकू की नको?"

"ब्लॉक खणखणीत आहे," मामा म्हणाला. "सहाच्या सहा विहिरी गोल आहेत. हेड सरळ आहे, कुठे तडा नाही."

"मग उकळते का?"

"ते मला कळत नाही."

"तीस वर्षं इंजिनं खोलतोयस आणि कळत नाही?"

"तीस वर्षं खोलतोय म्हणूनच कळत नाही असं म्हणायची हिंमत आहे. नवशिका असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं."

ताईने कपाळाला हात लावला. "तू म्हणतोस ब्लॉक चांगला, काटा म्हणतो वाईट. ऐकू कुणाचं? मंगळवारी तो मुकादम कसा दात काढत होता! मला आता त्याच्यासमोर नमतं घ्यायचं नाही. टाकूनच टाकते बिल्ट ब्लॉक. मग बघू कोण जिने चढायला सांगतं."

"मला तर तो बसवायला आवडेलच," मामा म्हणाला. "हात शिवशिवतायत. असलं काम रोज मिळतं का?"

इंची भिंतीशी बसून एका लोंबत्या तारेशी खेळत होती. कसली तार? सांगतो. नवी गाडी गॅरेजात आली की मामा पहिलं काम करायचा ते तिचा थर्मोस्टॅट काढून टाकायचं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवर बसवलेली पितळी झडप, लहानशा भोवऱ्याएवढी. "पाण्याच्या वाटेत अडथळा कशाला?" असं मामा म्हणायचा, आणि त्या गावातले सगळेच मिस्त्री तसंच म्हणायचे. काढलेल्या झडपा मामाने एका तारेत ओवून खिळ्याला अडकवल्या होत्या. चाळीसेक तरी असतील.

"मामा," इंची म्हणाली, "बिल्ट ब्लॉक गाडी गार ठेवतो?"

"नाही गं. तो ताकद सोसतो. गाडीला जास्त जोर द्यायचा असला तर फुटत नाही, वाकत नाही."

"पण निळी फुटलीही नाही आणि वाकलीही नाही. ती तापली. मग त्या ब्लॉकने ती गार कशी राहील?"

मामाने ताईकडे बघितलं. ताईने मामाकडे.

"सगळे टाकतायत," मामा जरा हळूच म्हणाला.

"आणि खालचा पाइप कोमट होता. मी मंगळवारपासून सांगतेय."

"इंचाबाई, गरम गाडीजवळ वाऱ्याने पाइप गार लागतो कधी कधी."

इंची उठली. तिने वही काढली आणि एका पानावर बोट ठेवलं. पाण्याचा पंप मामाने दोन महिन्यांपूर्वी बदलला होता. त्याआधी, भर उन्हातसुद्धा, काटा कधी अर्ध्याच्या वर गेला नव्हता. पंप बदलल्यानंतर तिसऱ्या खेपेला तो पहिल्यांदा वर गेला. मग दर खेपेला थोडा थोडा, जसे पाइप जड होत गेले तसा.

"पंपाच्या वेळी तू अजून काय केलंस, मामा?"

"काय करणार? पंप बसवला. थर्मोस्टॅट राहिला होता इतकी वर्षं आत, तो काढला. पाणी भरलं."

"यातला निळीचा कुठला?"

"मला काय ठाऊक! सगळे सारखेच."

सगळे सारखे नव्हते. इंचीने तार खिळ्यावरून उतरवली आणि एकेक झडप तपासली. सगळ्यांना पुढे एक तबकडी होती, उघडणारी. फक्त एकीला मागच्या बाजूलाही एक होती, छोट्या टोपीसारखी. इंचीने टेप लावून टोपीची रुंदी मोजली. मग तिने मामाचं चहाचं पातेलं घेतलं, त्यात पाणी ओतलं, झडप दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली आणि स्टोव्ह पेटवला.

"अगं माझं पातेलं!"

"थांब, दादा," ताई म्हणाली. "बघू दे तिला."

घड्याळात साडेतीन झाले होते. तिघंही पातेल्यावर वाकले. पाणी तापलं, तळाशी बुडबुडे धरले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मामाने घसा खाकरला. मग, पाणी उकळायच्या जरा आधी, पुढची तबकडी सरकायला लागली. कुणी हात न लावता, अगदी सावकाश. आणि ती जितकी उघडली तितकीच मागची टोपी बाहेर आली.

"पुढे उघडतं," इंची म्हणाली, "आणि मागे काहीतरी बंद होतं. मागे काय आहे, मामा?"

"मागे? मागे काही नाही. ती टोपी असते तशीच."

"तशीच कुणी कशाला करेल? ती करायला पण कुणालातरी कष्ट पडले असतील ना?"

मामा उठला. जरा रागातच उठला. निळीच्या इंजिनावर जिथे ती झडप बसते त्या खोबणीत त्याने बॅटरीचा झोत टाकला. मग बोट घातलं. मग ते तळाशी गोल फिरवलं.

"टेप आण," तो म्हणाला.

खोबणीच्या तळाशी एक भोक होतं. त्याच्या तोंडावर ती टोपी झाकणासारखी बसेल अशा मापाचं. मामाने त्यात डबाभर पाणी ओतलं. पाणी रेडिएटरकडे गेलंच नाही. ते जवळच्या वाटेने सरळ पंपाकडे गेलं आणि तिथल्या सोडलेल्या पाइपातून त्याच्या चपलांवर सांडलं.

तुमच्या लक्षात आलं का? पाणी मोठं आळशी असतं. त्याला दोन वाटा दिल्या की ते जवळची धरतं. इंजिन थंड असताना ही जवळची वाट कामाची, इंजिन लवकर तापून नीट चालू लागतं. पण तापल्यावर ती बंद व्हायला हवी, आणि ते काम मागच्या टोपीचं. टोपी नसली की गरम पाणी रेडिएटरपर्यंत जायचा कंटाळा करतं आणि पुन्हा पुन्हा इंजिनातच फिरत राहतं. रेडिएटर बिचारा गारच्या गार. बाकीच्या गाड्यांना ही जवळची वाट नव्हती, म्हणून त्यांचा थर्मोस्टॅट काढला तरी त्या उकळल्या नव्हत्या. निळी वेगळी होती.

मामा ओल्या चपलांसकट पायरीवर बसला.

"तीस वर्षं," तो म्हणाला. "तीस वर्षं मी हे काढतोय."

"बाकीच्यांचं काही बिघडलं नाही ना," इंची म्हणाली.

"तू मला समजावू नकोस गं, जास्तच लाज वाटते."

तेवढ्यात फोन वाजला. मशीन शॉपवाला होता. ताईने फोन हातात घेतला, पण कानाला लावला नाही. ती इंचीसमोर उकिडवी बसली, म्हणजे दोघींचे डोळे एका उंचीवर आले.

"नीट ऐक. याला हो म्हटलं तर आपली जागा पक्की. नाही म्हटलं आणि उद्या गाडी थांबली, तर हंगाम गेला आणि हा ब्लॉकही गेला. तुझी खात्री आहे?"

तुम्ही असता तर काय म्हटलं असतं? "हो" म्हणणं सोपं होतं. आई समोर बसलेली, मामा बघतोय.

"ब्लॉक चांगला आहे याची खात्री आहे," इंची म्हणाली. "तो मी मोजलाय. पाणी कुठे जातं तेही आपण बघितलं. डोंगरावर काय होईल ते मोजलेलं नाही."

ताई उठली. मग तिने फोन कानाला लावला.

"तुमचा ब्लॉक दुसऱ्याला द्या. ... हो, विचार करूनच सांगतेय. ... नाही, भाऊ, घाबरले नाहीये. माझा ब्लॉक मला भट्टीत घालायचा नाही, एवढंच."

तिने फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या. "चल दादा, ऊठ. उद्या सकाळी गाडी उभी पाहिजे."

मामाने नवं गॅस्केट, म्हणजे मधला पातळ पत्रा, लावून हेड बसवलं. हेडचे बोल्ट मधून बाहेर, गोल गोल, तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. कितवी फेरी, कितवा बोल्ट, ते इंची मोठ्याने मोजत होती. थर्मोस्टॅट मात्र मामाने स्वतः बसवला आणि कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी निळीवर सहा पाइप चढले. मुकादम दार उघडून आत आला. इंची मध्ये सरकली.

"ही पण येणार?"

"ती रोजच येते," ताई म्हणाली. "नवीन तुम्ही आहात."

"ब्लॉक टाकला नाहीत म्हणे. मशीन शॉपवाला सांगत होता. ताई, हट्टाला पण एक मर्यादा असते."

"असते ना. अकराव्या वळणावर आहे. तिथपर्यंत गप्प बसा."

पहिली तीन वळणं निळी सहज चढली. चौथ्यावर काटा अर्ध्याच्या वर गेला. पाचव्यावर आणखी वर. मुकादमाने मान पुढे काढली. ताईच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या. सहाव्या वळणाआधी काटा लाल पट्ट्यापासून फक्त बोटभर दूर उरला.

मग काटा थबकला. थोडा थरथरला. आणि खाली आला.

"उघडला. दोन महिने तारेवर सुकून आखडला होता," इंची म्हणाली.

"काय उघडलं?" मुकादमाने विचारलं.

"आणि मागची वाट बंद झाली," इंची म्हणाली, पण ते तिने आईला सांगितलं.

सातवं वळण. मंगळवारचे चाकाखालचे दगड अजून कडेला पडले होते. ताईने गिअर खाली टाकला, निळीने घरघर करत पाइपांचं ओझं ओढलं, आणि काटा अर्ध्यापाशी खिळल्यासारखा राहिला. आठ. नऊ. दहा. अकराव्या वळणावर समोर सपाट पठार आणि नुसतं आभाळ दिसलं. ताईने एकदाच हॉर्न दाबला, लांबलचक, विनाकारण.

पाइप उतरवून ते खाली अड्ड्यावर आले तेव्हा दुपार झाली होती. वरच्या रांगेतले ड्रायव्हर गाड्यांना टेकून उभे होते. मामाही आला होता, कोरड्या चपला घालून.

मुकादम खाली उतरला, कपडे झटकले आणि म्हणाला, "चढली. मी नाही म्हणत नाही. पण आज वारा होता. हवा गार होती. एकदा नशिबाने चढली म्हणजे रोज चढेल असं नाही. आठवडाभर खालच्या रांगेत राहा, मग कडक उन्हात एकदा बघू."

"मुकादम, तुम्ही शब्द दिला होता," ताई म्हणाली.

"शब्द दिला होता, पण वाऱ्याचं काय? मला सगळ्या रांगेचा विचार करावा लागतो."

"असं काय करता," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "चढली ना ती." पण तेही हळूच, आणि दुसरं कुणी त्याच्यामागे बोललं नाही.

ताई केबिनच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. इंजिन चालूच होतं. सगळे मुकादमाकडे बघत होते, त्यामुळे इंची कधी खाली उतरली ते कुणाला दिसलं नाही.

ती मुकादमाच्या समोरून चालत गेली, वरच्या रांगेच्या अगदी पुढे, पाइप भरायच्या फलाटापाशी, जिथे पहिल्या गाडीची जागा रिकामी होती. ती फलाटाला पाठ लावून उभी राहिली. टेप काढून तिने फलाटापासून दोन मीटर मोजले आणि चपलेने मातीत रेघ ओढली. मग दोन्ही हात डोक्यावर उंच केले, जसे मागे घेणाऱ्या गाडीला दाखवतात तसे, आणि अड्डाभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"आई, येऊ दे! सरळ येऊ दे... येऊ दे..."